भाऊसाहेबांची ड्रोन नियमावली

गावाचं नाव मी सांगणार नाही. नगर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे, तिथं नगरपरिषद आहे, आणि तिथं मी काही वर्षं क्लार्क होते, एवढं पुरे. नाव सांगितलं की कोणीतरी विचारणार, मग ते भाऊसाहेब म्हणजे कोण, ती वस्ती कोणत्या वॉर्डातली, आणि मग घरी फोन सुरू. असं पुढचं पुढचं शंकेनं बघायची खोड मला भाऊसाहेबांनीच लावली. आधी मी अशी नव्हते हो. माहेरी मला भोळी म्हणायचे.

तसं आमच्या भागात सगळ्याच कारकुनांना भाऊसाहेब म्हणतात. पण आमच्या ऑफिसात "भाऊसाहेब आलेत का?" असं कोणी हळू आवाजात विचारलं, की ते आमच्या हेडक्लार्कबद्दलच असायचं. उंच, किडकिडीत माणूस. भर उन्हाळ्यातसुद्धा शर्टाचं वरचं बटण लावलेलं. खुर्ची भिंतीला लावून, पाठ भिंतीकडे करून बसायचे. पेन मागितलं तर पेन द्यायचे, टोपण स्वतःजवळ ठेवायचे. आता हे काय, पुष्कळ लोक करतात. पण हे टोपण मुठीत धरून पेन परत येईपर्यंत दुसरं काहीच काम करायचे नाहीत, नुसते त्या माणसाच्या हाताकडे बघत बसायचे. माणूस सही अर्धी टाकून पळायचा.

चहा सगळ्यांना एकाच किटलीतून यायचा. पोऱ्या त्यांच्यासमोर कप ठेवायचा, तो हे शेजाऱ्याला सरकवायचे आणि शेजाऱ्याचा आपण उचलायचे. मी नवीन होते तेव्हा मला वाटलं, काय मोठ्या मनाचा माणूस आहे, आपला कप आधी मला देतोय!

फोनवर त्यांनी कधी 'हॅलो' म्हटलं नाही. "कोण?" म्हणायचे. समोरच्यानं नाव सांगितलं की म्हणायचे, "कशावरून?" बायकोचा फोन आला तरी तेच. वहिनी मोठ्या बेरक्या. त्या म्हणायच्या, "सकाळी भाजीत मीठ जास्त झालं होतं, तुम्ही न बोलता खाल्लीत, त्यावरून." मग बोलणं पुढं सरकायचं. मी एकदा त्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, तर दुपारपर्यंत मला विचारत होते की तारीख कोणाकडून कळली. रिटायर झाले त्या दिवशी निरोपाचा नारळ हातात दिल्यावर त्यांनी आधी तो कानाशी हलवून बघितला. सगळी सभा हसली. ते नाही हसले.

"ताई," मला म्हणायचे, "कोणी फुकट काही करत नाही. आणि करत असेल तर ते लई महागात पडतं."

असा माणूस, आणि त्यात ड्रोन आले. मग काय विचारता!

आमच्याकडे ड्रोन आधी लग्नात आला. नवरी मांडवात येते तेव्हा वरून घुंऽऽ करत यायचा आणि भटजींच्या मंत्रांचा पार चेंदामेंदा करायचा. मग जयंतीच्या मिरवणुकीत आला, सप्ताहाच्या दिंडीत आला, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला तर दोन-दोन यायला लागले. तेवढ्यात आसपासच्या गावांत बोलवा उठली की चोर ड्रोननं घरं हेरतात. कोणी पकडला नाही, कोणाकडे सापडला नाही, पण वाड्यावस्त्यांवरची माणसं काठ्या घेऊन बसायला लागली. नेवाशाची माझी मावशी तर गच्चीवरचे सांडगे झाकून ठेवायची. म्हणायची, बघून ठेवत्यात आणि मग येत्यात. चोर सांडग्यांसाठी कशाला येईल, असं तिला विचारायची कोणाची टाप नव्हती.

भाऊसाहेब छत्री घेऊन यायला लागले. कडक ऊन असो नाहीतर ढग, रस्त्यावर आले की काळी छत्री उघडायची. आम्ही म्हणायचो, उन्हाची का? ते म्हणायचे, "ऊन काय, आजवर डोक्यावरच घेतलंय. पण वरून कोण बघतंय ते मला दिसत नाही आणि त्याला माझं टक्कल दिसतं, हा व्यवहार मला मान्य नाही."

आमचे मुख्याधिकारी साहेब तरुण होते, पुण्याकडचे. तक्रारी वाढल्या तेव्हा त्यांनी ठरवलं की नगरपरिषदेची मैदानं, बाग, बाजारतळ इथून ड्रोन उडवण्याचे नियम करायचे. काम भाऊसाहेबांकडे दिलं. कोणीतरी म्हणालं, साहेब, आभाळाचे नियम दिल्लीला होतात, परवानगी पोलीस देतात, आपला काय संबंध? भाऊसाहेब ताडकन म्हणाले, "आभाळ दिल्लीचं असेल. पण उडायला जमीन लागते ना? मैदान आपलं आहे."

त्या दिवसांत ते इतके खूश होते की विचारू नका. आयुष्यभराच्या शंका सरकारी कागदावर लिहायला मिळाल्या होत्या. आमंत्रण नसलेल्या लग्नांना जाऊन, नवरा-नवरीकडे न बघता, मान वर करून ड्रोन कुठं कुठं वळतो ते बघत उभे राहायचे. एका लग्नात वरमाईला वाटलं, ह्या माणसाला घेरी येतेय. तिनं कांदा आणला.

नियम असे असे लिहिले होते: उडवणाऱ्यानं नावाची पाटी गळ्यात घालावी. मैदानात खेळ चालू असताना उडवू नये. बागेत बाकावर बसलेल्या माणसांच्या डोक्यावर थांबू नये, 'कारण बाकावर कोण कोणाजवळ बसलंय हा शासनाचा विषय नाही.' हे वाक्य साहेबांनी खोडलं. भाऊसाहेबांनी पुन्हा घातलं.

हे सगळं चालू असताना एक दिवस संगीताबाई ऑफिसात आल्या. त्या नगरपरिषदेच्या शाळेत खिचडी शिजवायच्या, त्यामुळे मी त्यांना तोंडओळखीनं ओळखत होते. राहायच्या मैदानाला लागून असलेल्या वस्तीत. नेहमी तरातरा बोलणारी बाई, पण त्या दिवशी भाऊसाहेबांच्या टेबलासमोर पदर दातात धरून उभी राहिली.

"सायेब, ते उडतंय ना, ते बंद करा," त्या म्हणाल्या. "रोज सकाळच्याला ग्राउंडावरून येतंय आन् आमच्या वस्तीवर फिरतंय."

"कशावरून?" भाऊसाहेब म्हणाले.

"कशावरून म्हंजी? आमच्या मोऱ्यांला छत न्हाई, सायेब. चार बाजूनं पत्रं हायेत, वर आभाळ. माझी काजल आंघोळीला बसलेली, आन् हे वर येऊन थांबलं. पोरगी तशीच ओल्या अंगानं घरात पळाली. तवापासनं न्हाई बसली मोरीत. लांबच्या मामीकडं पक्कं बाथरूम हाय, तिथं जाती चार-आठ दिसातनं."

काजल नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. ती कॉलेजलाही जात नव्हती. तिला वाटायचं, कॉलेजला जायच्या एसटीतल्या प्रत्येक पोराच्या मोबाईलमध्ये ती आहे. कोणी हसलं तरी आपल्यालाच हसतंय. आणि तिचे वडील, टेम्पो चालवायचे, त्यांनी मनाशी घेतलं होतं की आता शिक्षण बास, बोभाटा व्हायच्या आत उजवून टाकू. काष्टीकडचं स्थळ आलेलं होतं.

"पण व्हिडिओ काढलाय, असं कोणी बघितलंय का?" भाऊसाहेबांनी विचारलं.

संगीताबाईंचा आवाज चढला. "त्येच तर कळंना ना! काढला असता तं एकदा छाती बडवून मोकळी झाले असते. काढला का न्हाई काढला, कोनाला ठावं? तुमच्या डोक्यावर आलं असतं म्हंजी तुमाला कळलं असतं."

मला वाटलं, आता हे चिडणार. पण भाऊसाहेब उठले, छत्री घेतली आणि म्हणाले, "चला. ताई, तुम्ही पण चला. बाईमाणसांत मी एकटा जाणार नाही. लोक काय समजतील!"

वस्तीत गेल्यावर त्यांनी आधी दारात उभं राहून आवाज दिला, मग मोरी बघायची परवानगी मागितली. चार पत्रे, एक शहाबादी फरशी, एक बादली. त्यात हा उंच माणूस वाकून शिरला आणि छत्री मिटून वर बघत उभा राहिला. बराच वेळ. बाहेर आले तेव्हा चेहरा पडला होता. घराच्या दारात काजल उभी होती, केस तेलकट होऊन कपाळाला चिकटलेले. त्यांच्याकडे तिनं बघितलंही नाही.

परत येताना मला म्हणाले, "आमच्या गावाकडं कौलं शाकारायला माणूस वर चढायचा ना, तो आधी शिडीवर उभा राहून हाळी द्यायचा. 'वर येतोय होऽऽ!' आजूबाजूच्या परसात कोणी बाई न्हात असली तर ती म्हणायची, 'थांबा होऽऽ!' आणि तो शिडीवर थांबायचा. कितीही वेळ. ती 'या' म्हणेपर्यंत पाय वर टाकायचा नाही. चोरसुद्धा... नाही, चोर नाही थांबायचे. पण बाकी सगळे थांबायचे."

दुसऱ्या दिवशी नियमावलीत एक नियम वाढला. उडवण्यापूर्वी उडवणाऱ्यानं जवळच्या वस्तीला ऐकू जाईल अशी हाळी द्यावी, आणि वस्तीतून होकार येईपर्यंत थांबावं.

सभेत काय हशा झाला म्हणून सांगू! एक नगरसेवक डोळे पुसत म्हणाले, "भाऊसाहेब, मग विमानानं पण हाळी द्यायची का?" भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, "आपल्या मैदानावरून उडवणार असाल तर द्यावी." आणखी हशा. बाहेर वडे गार होत होते, वाद घालायचा सगळ्यांनाच कंटाळा आला, आणि सगळे नियम हसत हसत मंजूर झाले.

पण नियम मंजूर झाला म्हणून ड्रोन थोडाच थांबतो? तो सकाळी येतच राहिला. उडवतंय कोण, हे कळेना. भाऊसाहेबांनी संशय घ्यायचं कोणाला बाकी ठेवलं नाही. आधी बाजारपेठेतला फोटोग्राफर. मग एका नगरसेवकाचा पुतण्या. मग पोस्टमन, का, तर तो मध्येच गॉगल घालायला लागला होता. आणि एक दिवस फाईल पुढं ओढत, माझ्याकडे न बघता मला विचारतात, "ताई, तुमचा भाऊ पारनेरला स्टुडिओ चालवतो ना?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "भाऊसाहेब, माझा भाऊ लोकांचे पासपोर्ट फोटो काढतो, आणि तेही माणूस समोर स्टुलावर बसवून! तुम्हाला लाज कशी वाटत नाही?" चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनी माफीबिफी मागितली नाही, पण पाचव्या दिवशी चहाचा कप जिथल्या तिथं राहू दिला. त्यांच्याकडून याच्याहून मोठी माफी कोणाला मिळाली नसेल.

शेवटी संगीताबाईंनीच निरोप धाडला की मैदानावर माणूस दिसलाय. आम्ही तिघं गेलो. शाळेच्या भिंतीच्या सावलीत टोपी घातलेला एक मिशीवाला माणूस खुर्ची टाकून बसला होता, हातात यंत्र, आणि वस्तीवर ते घुंघुं चालू. भाऊसाहेब छत्री भाल्यासारखी धरून त्याच्यासमोर उभे राहिले.

"कोणाच्या हुकमानं उडवता?"

तो माणूस उठून उभा राहिला. "तुमच्याच की, साहेब. घरपट्टीचं सर्वेक्षण. तुमच्याच ऑफिसनं काम दिलंय आमच्या कंपनीला."

"कशावरून?"

त्यानं गळ्यातलं कार्ड पुढं केलं. त्यावर आमच्याच नगरपरिषदेचा शिक्का होता.

आता बघा, आमच्या ऑफिसात घरपट्टीवाले आणि आम्ही एकाच हॉलमध्ये बसतो. मध्ये फक्त कपाटांची रांग. तिकडची शिंक इकडे ऐकू येते. या माणसानं साऱ्या गावावर संशय घेतला, सख्ख्या बायकोवर घेतला, माझ्या भावावर घेतला, पण कपाटांच्या पलीकडे त्याची नजर गेली नाही. आपलं ऑफिस असं करेल हे त्याच्या मनातच आलं नाही! भाऊसाहेब मैदानावरच्या रोलरवर मटकन बसले. मला त्यांची दया आली, आणि खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं.

मग म्हणाले, "काय काय काढलंय ते दाखवा. मला नको. या बाईंना दाखवा." आणि आमच्याकडे पाठ करून, छत्री उघडून बसून राहिले.

मी आणि संगीताबाईंनी त्या माणसाच्या लॅपटॉपवर सगळं बघितलं. वरून सरळ खाली काढलेले फोटो. पत्रे, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या गोधड्या, झोपलेलं कुत्रं. माणसं म्हणजे नुसते ठिपके. मोऱ्या दिसत होत्या, पण रिकाम्या. काजल कुठंच नव्हती. तो माणूसही बिचारा घाबरला होता. म्हणाला, "मावशी, मला पण बहीण आहे. मला माहीतच नव्हतं मोऱ्यांना छत नाही ते. कागदावर नुसतं 'बांधकाम' लिहिलेलं असतं."

संगीताबाई पळत घरी गेल्या पोरीला सांगायला. परत आल्या त्या हळूहळू.

"ती म्हनती," त्या म्हणाल्या, "दावलं त्यात नसंल. न दावलेल्यात असंल."

मी कपाळाला हात लावला. आता हिला कसं पटवायचं? भाऊसाहेब छत्रीआडून म्हणाले, "बरोबर आहे तिचं." साऱ्या गावात त्या पोरीच्या बाजूनं बोलणारा तेव्हा तेवढा एकच माणूस होता.

वस्तीचं सर्वेक्षण निम्मं राहिलं होतं. भाऊसाहेब तडक मुख्याधिकाऱ्यांकडे गेले, की नियमाप्रमाणे हाळी दिल्याशिवाय उडवता येणार नाही. साहेब म्हणाले, "भाऊसाहेब, तो नियम बाहेरच्यांसाठी आहे. आपलं शासकीय काम आहे."

"नियमात तसं म्हटलेलं नाही, साहेब. मी लिहिलाय, मला माहीत आहे."

"कामात अडथळा आणला असा तुमच्यावर शेरा मारावा लागेल. रिटायरमेंट जवळ आलीय तुमची, विचार करा."

"मारा," भाऊसाहेब म्हणाले. हा माणूस हजेरीपटावर सही करताना सुद्धा दोनदा मागं वळून बघायचा, आणि इथं सरळ 'मारा' म्हणून मोकळा झाला. साहेबांनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाले, "करा काय करायचं ते. पण काम झालं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसाहेब मैदानावर हजर. मीही गेले, कारण मला राहवेना. त्यांनी छत्री मिटून माझ्याकडे दिली, तोंडाभोवती हात धरले आणि असे ओरडले की भिंतीवरची कबुतरं उडाली.

"वर येतोय होऽऽ! आटपा होऽऽ!"

क्रिकेट खेळणारी पोरं लोळायला लागली. वस्तीतून काही उत्तर नाही. कंपनीचा माणूस यंत्र हातात घेऊन उभा. भाऊसाहेब म्हणाले, "उत्तर येईपर्यंत नाही." पुन्हा हाळी. पुन्हा शांत. तिसऱ्यांदा दिल्यावर पत्र्याआडून एका म्हातारीचा आवाज आला, "कोन मेलंय वरडायला?" बाकीच्या बायकांनी तिला काय ते सांगितलं असावं. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "या मंग!"

बायकांना हळूहळू त्याची गोडी लागली. "थांबा होऽऽ, नेसतीय!" "थांबा होऽऽ, धुणं राह्यलंय!" ती म्हातारी तर अंगणात लसूण सोलत बसलेली असायची आणि नुसतं गंमत म्हणून थांबवायची. भाऊसाहेबांना संशय यायचा, पण ते थांबायचे. गावात टिंगल झालीच. चहाच्या टपरीवर लोक एकमेकांना 'वर येतोय' म्हणायला लागले. वहिनींचा मला फोन आला, "अगं, ह्यांचा घसा बसलाय, घरी तर बोलतसुद्धा नाहीत. नेमकं काय चाललंय?" मी म्हटलं, "कशावरून तुम्हीच बोलताय?" तेवढंच हसलो आम्ही.

पण कडेच्या एका घरातून कधीच आवाज आला नाही. संगीताबाई रोज आमच्याजवळ येऊन उभ्या राहायच्या आणि मान हलवायच्या. पोरगी अजून मामीकडेच जात होती. रविवारी काष्टीचे पाहुणे यायचे होते. नवऱ्यानं पेढे सांगून ठेवले होते.

शनिवारी वस्तीचं काम संपणार होतं. भाऊसाहेबांचा आवाज पार फाटला होता. त्यांनी जमेल तशी हाळी दिली. एक-दोन घरांतून "या होऽऽ" आलं. कंपनीच्या माणसानं ड्रोन जमिनीवर ठेवला, पाती फिरायला लागली.

"थांबाऽऽ!"

हा आवाज नवीन होता. पातळ, आणि संतापलेला. "थांबा म्हनलं ना! साबण लावलाय मी!"

पाती बंद झाली. संगीताबाईंनी तोंडावर हात ठेवला आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मलाही आवरलं नाही. खेळणारी पोरं बॅट धरून उभी राहिली.

"बसा सगळे खाली," भाऊसाहेब म्हणाले. "तिकडं पाठ करून. पोरगी आंघोळ करतीय."

आणि सगळी बसली. कंपनीचा मिशीवाला माणूस बसला, पोरं बसली, फिरायला आलेले दोन पेन्शनर बसले. ऊन वर आलं. डोक्यावरून पाणी घेतल्याचा आवाज येत होता, तांब्यावर तांब्या, संपतच नव्हता. संगीताबाईंनी पदरातनं मोबाईल काढला आणि तिथंच, आमच्यासमोर, नवऱ्याला फोन लावला. "पाव्हण्यास्नी येऊ नका म्हनावं. व्हय, आत्ताच सांगा. सोमवारी काजलला कालेजात जायचंय." तिकडून तो काहीतरी ओरडत होता. त्यांनी फोन बंद करून मांडीखाली ठेवला.

बऱ्याच वेळानं पत्र्याआडून ती म्हणाली, "झालं होऽऽ! या आता!"

मग भाऊसाहेबांनी त्या माणसाकडे बघून मान हलवली, आणि ड्रोन वर गेला.